पुरे काकू

मंगळवार, रात्र

झोप येत नाही म्हणून लिहायला बसले. घरात सगळ्यांचा समज असा की फुप्फुसांच्या रिपोर्टमुळे झोप उडाली आहे. ह्यांनी तर दुपारीच लेकीला फोन करून सांगून टाकलं, "आई जरा मनाला लावून घेतेय." तेही स्वयंपाकघरात मला नीट ऐकू येईल एवढ्या हळू आवाजात.

आकड्यांचं मला तेवढं वाटलेलं नाही, असं म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. ते वाईट आहेत, मान्य. पण जिन्याने मला ते आधीच सांगितलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी हल्ली चपलेचा अंगठा नीट करायचं नाटक करते. चप्पल नवी आहे, अंगठा अगदी शाबूत आहे. खालचे जोशीकाका परवा म्हणाले, "वहिनी, चप्पल बदलून घ्या हो दुकानातून."

डोक्यात घोळतंय ते वेगळंच. तो पीएफटीवाला, म्हणजे फुप्फुसांची ताकद तपासणारा मुलगा या वेळी ओरडला नाही.

ज्यांनी ही तपासणी केली आहे त्यांना कळेल. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, ओठ गच्च मिटायचे, छाती फुटेपर्यंत श्वास आत घ्यायचा आणि मग एका दमात बाहेर. तो बाहेर टाकताना शेजारी उभं राहून ओरडणं हे त्या मुलाचं कामच असतं. "फुंका फुंका फुंका! अजून अजून अजून! सोडू नका काकू, आहे आत, आहे!" दहीहंडीला खालच्या थरातले ओरडतात तसा ओरडतो. पहिल्यांदा गेले तेव्हा मला फार राग आला होता. आत काही नाहीये हे मला कळतंय आणि हा म्हणतो आहे! पण खरंच थोडं असायचं. त्याच्या आवाजाने ते निघायचं. सहा-सात सेकंद फुंकत राहायचं म्हणजे किती, ते करून बघा. शेवटी डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि पडद्यावरची रेघ आडवी होते.

या वेळी तिसऱ्या फुंकीनंतर तो म्हणाला, "पुरे काकू. झालं." चिमटा त्यानेच काढला. एरवी काढा म्हणतो. कोपऱ्यातल्या मशीनमधून पाण्याचा ग्लासही भरून आणला.

ओरडलाच नाही असंही नाही, ओरडला. पण मन नव्हतं त्यात. मी शाळेत इतकी वर्षं काढली आहेत, कोणत्या मुलावर आवाज चढवायचा आणि कोणावर नाही हे शिक्षकाला कसं कळतं ते मला चांगलं ठाऊक आहे. ज्याच्याकडून होणार नाही याची खात्री पटते, त्याच्यावर कोणी ओरडत नाही. त्याची वही हळूच मिटून परत देतात.

घरी आल्यावर लक्षात यायला लागलं की हा नवा मऊपणा सगळीकडेच आहे. ह्यांनी आयुष्यात कधी पांघरुणाची घडी घातली नव्हती, आता सकाळी उठून घालतात, वाकडीतिकडी. पूर्वी भाजीची पिशवी मी उचलली की पाच किलो बटाटे कशाला आणलेस म्हणून जिन्यात उद्धार व्हायचा. आता पिशवी नुसती हातातून काढून घेतात. एक शब्द नाही. वन्सं रविवारी जेवायला आल्या होत्या. लग्न झाल्यापासून माझ्या आमटीत ज्यांना काही ना काही कमी दिसलं त्या म्हणाल्या, "छान झालीये हो आमटी." मी नंतर चाखली. मीठच घालायचं राहिलं होतं.

अशा वेळी माणसाने काय करायचं? मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. रडलं की खोकला येतो, खोकला आला की बाहेरून कडी वाजते. धड रडताही येत नाही.

सासूबाईंच्या कबुतरांसाठीच्या बाजरीच्या डब्याबद्दल आज लिहायचं नाही. त्या गेल्या, डबा धुऊन आता त्यात पोहे ठेवते. गॅलरीला जाळी लागली, एसीच्या मागची फळी काढली, गाद्या, उशा, पडदे सगळं बदललं. वरच्या मजल्यावरच्यांचं दाणे टाकणं मात्र चालूच आहे, आणि त्यांना किती वेळा सांगायचं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली, लोकांनी येऊन ती ओढून काढली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, तेव्हा टीव्हीसमोर आमच्या घरात एकजण गप्प बसला होता आणि एक बडबडत होती. जाऊ दे.

डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर आमच्यासारखे बरेच असतात. भारतभरातल्या आयएलडी (फुप्फुसं सुजून कडक होत जाण्याचे आजार) रुग्णांची एक मोठी नोंद २०१७ मध्ये छापून आली, त्यातल्या १०८४ जणांपैकी जवळजवळ निम्म्यांना हाच आजार होता, श्वासावाटे जाणाऱ्या कशाच्या तरी ॲलर्जीने फुप्फुसं सुजण्याचा. पक्ष्यांची पिसं, विष्ठा, कूलरमधली बुरशी. बाकावर बसलं की पहिला प्रश्न "किती टक्के?" आणि दुसरा "तुमच्याकडे कबुतरं?" एक आजोबा आहेत, ते टक्के सांगताना नेहमी दोन वाढवून सांगतात. त्यांची सूनबाई मागून मान हलवते.

तर आकडे. एफव्हीसी, म्हणजे एका दमात बाहेर पडणारी सगळी हवा, मागच्या वेळी १.६१ लिटर होती, आता १.४७. माझ्या वयाच्या नि उंचीच्या बाईला जेवढी हवी त्याच्या ६८ टक्के होती, ती ६३ झाली. डीएलसीओ ५५ वरून ४४. हा दुसरा आकडा जास्त वाईट, कारण तो हवा किती भरते ते मोजत नाही, भरलेल्या हवेतलं रक्तात किती उतरतं ते मोजतो. आणि मोजतात कशाने, तर कार्बन मोनॉक्साइडने. त्या गॅसचा किंचितसा अंश असलेली हवा एकदम आत घ्यायची, दहा सेकंद धरायची, सोडायची. गेलं किती, परत आलं किती, हिशेब. ज्या गॅसने बंद बाथरूममध्ये गिझर लावून माणसं मरतात त्यानेच माझं बरं चाललंय की नाही ते ठरवायचं. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा ९६ वरून ८९ वर आला. डॉक्टर म्हणाले, ८८ च्या खाली जायला लागला की चालताना ऑक्सिजन लावायचा विचार करू. म्हणजे एक पायरी शिल्लक आहे.

संध्याकाळी एकटी असताना केकसाठी आणलेलं मापाचं भांडं काढलं आणि त्यात कमी झालेल्या १४० मिलीच्या रेघेपर्यंत पाणी ओतलं. वाटलं होतं बरंच दिसेल. आमच्या घरच्या कपात ओतलं तर कप भरलासुद्धा नाही, वर बोटभर जागा राहिली. एवढ्यासाठी एवढं? मग वाटलं, निरोगी माणसाचंसुद्धा वयानुसार वर्षाला पंचवीस-तीस मिली जातंच, म्हणजे हे चार-पाच वर्षांचं एकदम गेलं. मग ते पाणी काही केल्या ओतून देववेना. शेवटी पिऊन टाकलं. (हे कोणाला सांगितलेलं नाही.)

नवी गोळी सुरू होणार आहे, निन्टेडॅनिब. स्टेरॉइड आणि ती दुसरी आहेतच. लेकीने रात्री जागून वाचून काढलं असणार, तिचा मेसेज आला: मोठ्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांची क्षमता वर्षभरात सरासरी ८१ मिलीने घटली, न घेणाऱ्यांची १८८ ने. खाली हसरा चेहरा. म्हणजे गेलेलं परत येणार नाही, आणि जाणंही थांबणार नाही, सावकाश जाईल. पोट बिघडतं म्हणे खूप जणांचं. भरल्या पोटी घ्यायची. डॉक्टरांनी हे सगळं नीट, शांतपणे सांगितलं, माझ्याकडे बघून सांगितलं. पूर्वी पडद्याकडे बघून सांगायचे. परत तेच. सगळे माझ्याकडे बघूनच बोलायला लागले आहेत.

आता रात्री फाइल पुन्हा काढली. पहिलं पान पाठ झालं आहे, म्हणून दुसरं बघितलं. त्यावर प्रत्येक फुंकीचा आकडा वेगळा दिलेला असतो, मी कधी वाचलाच नव्हता. या वेळच्या तीन: १.४५, १.४७, १.४४. शेजारी गुणवत्तेच्या रकान्यात इंग्रजी 'ए'.

मग मागचा रिपोर्ट शोधला. ती यादी ही लांबलचक. १.३८, मग १.६१, मग खोकल्यामुळे बाद, मग १.४२, पुन्हा बाद, असं खालपर्यंत. तेव्हा मी चिडून विचारलं होतं, अजून किती वेळा रे बाबा? तो म्हणाला होता, "काकू, निदान तीन नीट यायला हव्यात आणि जुळायलाही हव्यात, दीडशे मिलीच्या आत. माझ्या हातात नाही, मशीन सोडत नाही." आठवलं. हेच म्हणाला होता. नंतर चहा प्यायला गेला, पुन्हा येऊन माझ्यावर ओरडला.

या वेळी तीनही फुंका तीसच मिलीच्या आत! जुळल्या. मशीनने सोडलं. म्हणून पुरे काकू.

आता मला हसू येतं आहे, आणि ते दाबायला लागतं आहे, कारण हसलं तरी खोकला येतोच. म्हणजे मी इतकं सुंदर फुंकलं की त्याला ओरडायची गरजच पडली नाही. फुप्फुसं ६३ टक्के आणि फुंकण्यात 'ए'. गणितात नापास होणारी, पण पेपर अगदी टापटीप लिहिणारी एक मुलगी दरवर्षी माझ्या वर्गात असायचीच.

अर्थात याने आकडा बदलत नाही. उलट पक्का होतो. मागचे आकडे विस्कळीत होते, म्हणून मनात कुठेतरी होतं की चुकून वाईट आलं असेल, पुन्हा केलं तर सुधारेल. आता तीन वेळा तेच आलं. चुकून काही आलेलं नाही.

पण मग पाणी का दिलं त्याने? ते कुठल्या नियमात बसतं? चिमटा का काढला? सकाळपासून किती जणांवर ओरडला असेल, घसा बसला असेल त्याचा, असंही असू शकतं. मी आत गेले तेव्हा तो खडीसाखर चघळत होता, हे मला आता आठवतंय. किंवा नुसताच चांगला मुलगा असेल. कोणी आपल्याशी चांगलं वागलं तर त्यात आपलं मरण शोधायचं ही नवी खोड लागली आहे मला. वन्संना कदाचित खरंच आमटी आवडली असेल. मीठ नसलेली. त्यांचं बीपी आहे.

अजून एक सापडलं. दुसऱ्याच पानावर हिमोग्लोबिनचा रकाना कोरा आहे. रक्त कमी असलं की डीएलसीओ आहे त्याहून कमी दिसतो, आणि माझं रक्त कधी दहाच्या फार वर गेलेलं नाही. लगेच डॉक्टरांना मेसेज केला, रात्रीच. त्यांचं उत्तर आलं, बिचाऱ्यांना झोप नाही: "करून घ्या. चार-पाच टक्क्यांनी वर येईल फार तर. गोळी तरीही सुरू करायची आहे." फार तर तर फार तर. ४४ पेक्षा ४९ ऐकायला बरा. बाकावरच्या आजोबांना मी ५० सांगेन.

उद्या सकाळी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये रक्त देऊन यायचं ठरवलं आणि ह्यांना उठवून सांगितलं. म्हणाले, मी येतो. म्हटलं, कोपऱ्यावर जायला सोबत कशाला? म्हणाले, जिना आहे. म्हटलं, जिना उतरायचा आहे. मग चढताना काय करशील? थांबेन. कुठे थांबशील? जिथे रोज थांबते तिथे. यावर चांगलंच तापलं. रात्री साडेबाराला माणसं उठवतेस, डॉक्टरला उठवतेस, ऐकत कोणाचं नाहीस, आधीपासूनच ऐकलं असतंस तर, वगैरे. मीही सोडलं नाही, दम लागेपर्यंत बोलले. दम लवकर लागतो, त्यामुळे भांडण आटोपतंही लवकर.

"मग जा एकटी," म्हणाले आणि कूस बदलली. थोड्या वेळाने अंधारातून, "येताना दूध आण. आणि कोथिंबीर. बटाटे आणू नकोस."

बटाटे संपलेत खरं तर. किलोभर आणायला हरकत नाही.