पाचव्या आठवड्यात दिलेले पिल्लू

आमची चंपी ही गावठी कुत्री दिवाळीनंतर मागच्या पडवीत व्याली आणि तिला पाच पिल्ले झाली. ती कोणाला द्यायची हा प्रश्न नव्हताच, मागणारे आधीपासून ठरलेले होते. प्रश्न केव्हा द्यायची हा होता. महिन्याचे पिल्लू नेले तरच त्याला नव्या घराचा लळा लागतो, असे आमच्याकडे सर्रास म्हणतात आणि मीही तेच खरे मानत होते.

पंधरवड्यात पिल्लांचे डोळे उघडले. चौथ्या आठवड्यात दुधाचे दात टोचू लागल्यामुळे चंपी पाजता पाजता उठून जाऊ लागली, म्हणून मी परातीत दूधभात कालवून ठेवू लागले. पाचव्या आठवड्यात पाचही जणे परात चाटूनपुसून लख्ख करू लागल्यावर आईची गरज संपली असे समजून मी त्यांतले सर्वांत धीट पिल्लू एका परिचितांना देऊन टाकले. सहाव्या दिवशी ते परत आले. ते रात्री रडते, ही तक्रार मला अपेक्षित होती. पण त्याने घरातल्या मुलाच्या पोटऱ्या रक्त येईपर्यंत चावल्या होत्या.

खाता येणे म्हणजे सुटे होणे नव्हे, असे पशुवैद्यांनी मला जरा रागानेच सांगितले. किती जोराने चावले की समोरच्याला लागते, हे पिल्लू या आठवड्यांतच भावंडांशी खेळताना शिकते. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकायला भारतात २०१७ च्या नियमांनुसार बंदी आहे, हेही मला तेव्हाच कळले. लस न टोचलेले पिल्लू बाहेर राहून आल्यावर थेट इतरांत सोडणे हा माझा आणखी एक मूर्खपणा होता. पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या विषाणूची, लागण झाली नाही, हे नशीब.

परत आल्यावर त्याने पहिल्याच झटापटीत भावाचा कान करकचून धरला. भाऊ केकाटला आणि खेळ टाकून गोणपाटाखाली जाऊन बसला. दुसऱ्यांदा तसेच झाले तेव्हा चंपीने गुरगुरून त्याचे नाकाड आपल्या तोंडात धरले आणि ते निपचित पडेपर्यंत सोडले नाही. दहाएक दिवसांत त्याची पकड सैल झाली.

मग जंताचे औषध आणि पहिली लस देऊन, आठ आठवडे उलटल्यावर, मी एकेक पिल्लू दिले आणि प्रत्येकासोबत चंपीच्या अंथरुणातला गोणपाटाचा तुकडा दिला. ते धीट पिल्लू त्याच परिचितांनी पुन्हा नेले. या वेळी ते दोन रात्री रडले, तिसऱ्या रात्री गोणपाटावर झोपले.