पितृपक्षातलं गिऱ्हाईक

पितृपक्षाचे पंधरा दिवस आमच्या दुकानात माशा मारायचे. त्या दिवसांत नवी वस्तू घ्यायची नाही हा नेम लोक सोन्याइतकाच बंदुकीलाही लावतात. २०२४च्या सप्टेंबरात अशाच एका दुपारी मी काडतुसांचं रजिस्टर जुळवत बसले होते, तेव्हा आबा आले. तासगाव बाजूचे द्राक्षबागायतदार. वय अडुसष्ट, डोक्याला टोपी, कानात यंत्र, आणि मागे पदर सावरत सून.

"मालक न्हाईत?"

"मीच." वडील गेल्यापासून हा प्रश्न मी रोज ऐकते, म्हणून आता उत्तरही एका शब्दात देते.

आबांनी पिशवीतून परवाना काढला. नवा कोरा, प्लास्टिकच्या पाकिटात. शेजारच्या वस्तीवर दरोडा पडला, त्यानंतर त्यांनी अर्ज केला होता. पोलीस चौकशी, कलेक्टर कचेरीच्या फेऱ्या, सगळं पार पडून हत्यार मंजूर झालं होतं : .३२ रिव्हॉल्व्हर. "आज घ्यायचं न्हाई. बघून ठिवतो, दसऱ्याला घिऊन जातो."

मी कानपूरच्या कारखान्याचं रिव्हॉल्व्हर काढलं, गोळ्या भरायची फिरकी उघडून सहाही घरं रिकामी असल्याचं दाखवलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते आधी कमरेला लावून पाहिलं. बहुतेक जण तेच करतात. आमच्याकडे रिव्हॉल्व्हर लग्नसराईत मिरवायला जास्त आणि घर राखायला कमी घेतलं जातं, हे माझं मत आहे आणि ते मी गिऱ्हाइकाला सांगतेही. हवेत बार काढणाऱ्याला शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हेही सोबत सांगते.

"नऊ एमएम न्हाई व्हय?" ते प्रतिबंधित बोअर, म्हणजे मनाई असलेलं नळीचं माप. सामान्य माणसाच्या परवान्यावर येत नाही.

मग मी बारा बोरची दुनळी काढली. मला विचाराल तर वस्तीवरच्या घराला तीच बरी. दोन्ही हातांनी धरता येते, खांद्याला टेकते, अंधारात नेम चुकायची शक्यता कमी. काडतूसही निवडता येतं. एलजी-एसजीचे मोठे छर्रे लांब मारतात आणि पत्र्याची भिंतही फोडतात. सहा नंबरचे बारीक छर्रे भिंतीपलीकडच्या माणसाला त्या मानाने कमी धोक्याचे. आबांनी विचारलं, "एका टायमाला बारा गोळ्या सुटत्यात का?" हा प्रश्नही नेहमीचाच. बारा हा आकडा नळीच्या मापाचा. नळीत बसेल अशा शिशाच्या बारा गोळ्या केल्या की त्यांचं वजन एक पौंड भरतं. बार निघतात दोनच. दुनळीची काडतुसं आमच्याकडे खडकीच्या कारखान्याची असतात, बुडावर 'केएफ' ठोकलेलं.

पण परवान्यावर रिव्हॉल्व्हर लिहिलेलं असताना मी दुनळी विकू शकत नाही. प्रकार बदलायचा तर पुन्हा कचेरीत अर्ज. म्हणजे हत्याराची निवड दुकानात होतच नाही, फॉर्म भरताना होते. आणि फॉर्म भरताना लोक एजंटाला विचारतात, बंदूकवाल्याला नाही.

"ठेवणार कुठं?" मी विचारलं.

"उशाखाली."

अर्जासोबत नमुना एस-२ जोडावा लागतो. हत्यार सुरक्षित ठेवीन अशी हमी असते त्यात. आबांनीही सही केली होती. न वाचता. मी समजावलं : हत्यार रिकामं करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, पोराबाळांच्या हाती लागता कामा नये. परवान्याची अट मोडली तर शस्त्र कायद्याच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घरात सात वर्षांचा नातू होता. उशाखालचा विषय तिथंच मिटला.

मग लॉकर बघायला घेतला. बोटाच्या ठशाने उघडणारा दाखवला, तर सून पहिल्यांदा बोलली. "मामांचा अंगठा रेशनच्या मशीनवर उमटत न्हाई, ताई." चाळीस वर्षांची छाटणी आणि औषधफवारणी, अंगठ्यावर रेषा राहिल्याच नव्हत्या. आकड्यांचा लॉकर? "आकडा मी कॅलेंडरवर लिहून ठिवणार," आबांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. राहिला किल्लीचा. "किल्ली करगोट्याला बांधतो. अंगाबाहेर जायची न्हाई."

एरवी मी इथं थांबते. पण दुकानात दुसरं कोणी नव्हतं आणि मला सुनेच्या चेहऱ्यावरचं काहीतरी खटकत होतं. म्हणून म्हटलं, करून बघू. कोपऱ्यात लॉकर ठेवला, आत रिव्हॉल्व्हर, दुसऱ्या डब्यात सरावाची खोटी काडतुसं. आबांना बाकावर आडवं व्हायला सांगितलं. "रात्रीचे दोन वाजलेत. झोपताना जे काढता ते काढा." त्यांनी चष्मा काढला. मग कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.

मी मोबाईलवर वेळ लावली आणि शटरवर जोरात थाप मारली. आबा निवांत पडून राहिले.

त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. सुनेनं पुढं होऊन खांदा हलवला, तेव्हा उठले. चष्मा शोधला. करगोट्याची किल्ली म्हणून बंडीत हात घातला आणि माझ्याकडे बघून लाजले. मी हातात किल्ली दिली. लॉकर, मग काडतुसांचा डबा, मग फिरकीत एकेक काडतूस. एक घरंगळून बाकाखाली गेलं. सगळं मिळून दोन मिनिटं वीस सेकंद.

कोणी हसलं नाही. सून हळूच म्हणाली, "दीर पुण्याला. ह्यांची रातपाळी. आवाज पयला मलाच येतो. मग मी काय करायचं, ताई? हत्यार मामांच्या नावावर."

एकोणीस वर्षांत शेकडो हत्यारं विकली, पण घरातल्या बाईनं हा प्रश्न काउंटरवर विचारल्याचं मला आठवत नाही. मी कायद्यात आहे ते सांगितलं. परवानाधारक समोर असेल तर त्याच्या वापरासाठी दुसऱ्यानं हत्यार उचलून आणलेलं चालतं. तो घरी नसताना ते तिनं बाळगणं हा वेगळा मामला. म्हणून तो परगावी जाणार असेल तर हत्यार आमच्यासारख्या दुकानात जमा करावं, नाहीतर किल्ली सोबत न्यावी. स्वसंरक्षणाचा हक्क तिला आहेच. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं त्याचीच. सूर्यास्तानंतर घर फोडून शिरणाऱ्याचा जीव गेला तरी बचाव मिळू शकतो, पण गरजेपुरतंच बळ, ही अट सगळ्यांना. आणि ती ठरते नंतर, कोर्टात.

"मग ह्यो परवाना निस्ता कागुद म्हणायचा?" आबांनी यंत्र कानात घालत विचारलं. त्यांना आमचं अर्धंच ऐकू आलं असावं, पण तेवढं पुरलं.

मी म्हटलं, सूनबाईंनी स्वतःचा अर्ज करावा. वय एकवीसच्या पुढं आहे, प्रशिक्षण घ्यावं, प्रमाणपत्र जोडावं. आणि तोवर दाराला आतून आडणा, अंगणात दिवा, वेळ पडली तर पोलिसांना ११२ वर फोन. ती म्हणाली, एका फोनवर अख्ख्या गावाला सावध करणाऱ्या ग्रामसुरक्षा यंत्रणेत तिनं गेल्याच वर्षी नंबर नोंदवलाय, दोन कुत्रीही आहेत. म्हणजे घराची राखण कोण करत होतं ते उघडच होतं. आबा काही न बोलता टोपी झटकून उठले. मला वाटलं, गिऱ्हाईक गेलं.

१२ ऑक्टोबरला, दसऱ्याला, सकाळी आठला दारात हजर. रिव्हॉल्व्हरच घेतलं. "गावात पेढे वाटल्यात, आता दुनळीचा अर्ज कोण करतंय." लॉकर मात्र भिंतीत बोल्ट मारून बसवायचा, तो घेतला, आणि काडतुसांना वेगळी पेटी. हळद-कुंकू वाहून, आपट्याची पानं ठेवून घेऊन गेले. मी बिलावर सही घेतली आणि पोलीस ठाण्यात नोंद करून घ्यायची आठवण दिली.

तीन दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, विधानसभेची आचारसंहिता लागली. निवडणुकीच्या काळात परवान्याची हत्यारं कोणाची जमा करायची ते छाननी समिती ठरवते. यादीत आबांचं नाव आलं. नव्या कोऱ्या डब्यातलं, एकही बार न काढलेलं रिव्हॉल्व्हर माझ्याच स्ट्राँगरूममध्ये परत आलं. शेजारी निम्म्या तालुक्याच्या बंदुका चिठ्ठ्या लावून उभ्या होत्या.

२३ नोव्हेंबरला निकाल लागला आणि पुढच्या आठवड्यात आबा सुनेसोबत न्यायला आले. मी जमा ठेवल्याचं भाडं सांगितलं.

"राखणदाराची राखण, आन् वर भाडं!" असं पुटपुटत त्यांनी नोटा मोजल्या. सुनेनं पावती घडी करून पर्समध्ये ठेवली. मग त्याच पर्समधून स्वतःचा अर्ज काढला आणि प्रशिक्षणाच्या रकान्यात काय भरायचं ते विचारलं.