चार घड्यांचा कागद

"जेलात न जाताच सुटलास व्हय? मोठा वशिला दिसतोय बे तुझा!"

आज दुपारी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल घ्यायला गेले होते. तिथल्या मालकाचं हे वाक्य डोक्यातून जातच नाहीये.

समोर विशी-बाविशीचा पोरगा होता, काम मागायला आलेला. कुणी विचारलं नसताना त्यानंच सांगितलं, की मारामारीच्या केसमध्ये दोषी ठरलो, पण कोर्टानं प्रोबेशनवर सोडलंय. खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला आदेशाचा कागद काढला. चार घड्या, घड्यांवर विरलेला. किती दारांत उघडला असेल तो!

मालकानं कागद हातातसुद्धा घेतला नाही.

हा वशिला नाही हो, 1958 चा प्रोबेशनचा कायदा आहे. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात कोर्ट माणसाला चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर, म्हणजे लेखी हमीवर, सोडू शकतं, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. कोर्ट प्रोबेशन अधिकाऱ्याची देखरेखही लावू शकतं. बाँड मोडला तर मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते. आणि याच कायद्याचं कलम 12 सांगतं, की दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता अशा माणसाला लागू होत नाही.

आपल्या शेजारी सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला तर 1939 पासून कैद्यांची खुली वसाहत आहे. तिथे ते शेती करतात, कुटुंबासोबत राहतात. इतकं जवळ असून आपल्याला ते परकंच.

पोरानं कागद पुन्हा त्याच घड्यांवर नीट दुमडला, "बरं मालक" म्हणाला आणि उन्हात चालता झाला.

मी तेव्हा गप्प राहिले, ते फार लागलंय. कुणाच्या कारखान्यात, दुकानात त्याच्यासाठी काम आहे का?