लाडपाल, ओटीपी आणि बादलीभर पाणी

चार्जिंगच्या खांबाला डच लोक ‘लाडपाल’ लिहितात आणि ‘लाटपाल’ म्हणतात. नेदरलँड्समध्ये उट्रेख्तला आलो तेव्हा त्यातल्या पालीला मी हसायचो. या मे महिन्यात चिपळूणला भर दुपारी त्याच पालीची अशी आठवण आली की विचारू नका.

दादाची इलेक्ट्रिक गाडी घेऊन ठाण्याहून निघालो होतो. चिपळूणला बॅटरी ११ टक्के, गुहागर अजून ४५ किलोमीटर. ॲपमध्ये जवळच हिरवी खूण. पोचलो, तर ॲपला ओटीपी हवा आणि नंबर भारतातलाच हवा. मग ठाण्याला फोन. दादा चष्मा शोधून ओटीपी वाचेपर्यंत त्याची मुदत संपायची. असं तीनदा. मग वॉलेटमध्ये ५०० रुपये भरायचे, तेही दादानेच भरले. एवढं करून प्लग लावला, तर यंत्राचा पडदा काळा.

‘‘सकाळपासून लाईट नाही,’’ तिथला मुलगा म्हणाला.

‘‘मग ॲपमध्ये हिरवं कसं?’’

‘‘ते हिरवंच असतं.’’

मी भडकलो. ‘‘आमच्याकडे एक कार्ड जवळजवळ कुठल्याही कंपनीच्या खांबाला चालतं! नवीन फास्ट चार्जरला तर एप्रिल २०२४ पासून साधं बँकेचं कार्ड घेणं सक्तीचं आहे!’’

बायकोने विचारलं, ‘‘आमच्याकडे म्हणजे कुठे रे?’’

बरं, तिकडेही सगळं आलबेल नाही. चार्जिंग संपलं तरी गाडी न हलवणाऱ्याला डचांनी ‘खांबाला चिकटणारा’ असा खास शब्द काढलाय, आणि असल्या चिकटूंपायी मी रात्री अकराला पावसात दोन गल्ल्या तुडवल्यात. प्लग तर दोन्हीकडे एकच, सीसीएस-२. आणि महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंग असावं, हे आपल्या केंद्र सरकारने २०१८ मध्येच लिहून ठेवलंय. लिहून ठेवलंय, एवढं खरं.

एसी बंद करून, घामाने निथळत मार्गताम्हाण्याच्या अलीकडे एका खानावळीशी थांबलो. ‘‘काका, १५ अँपिअरचं सॉकेट आहे का?’’ त्यांनी काही न विचारता पाण्याच्या पंपाची वायर काढली. ‘‘लावा.’’ गाडीबरोबरच्या चार्जरवर लाल दिवा लागला: अर्थिंग नाही. काका मागच्या अंगणात गेले आणि अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून आले. ‘‘मे महिन्यात जांभा कोरडा पडतो, मग असं होतं.’’ मिनिटभरात दिवा हिरवा. हा हिरवा खरा निघाला.

ताशी जेमतेम तीन युनिटं. तीन तास बसलो. सुरमई झाली, सोलकढी झाली, फणसाचे गरे झाले. काकांनी पैसे जेवणाचे घेतले, विजेचे घेईनात. ‘‘पंप तर दुपारी बंदच असतो.’’

वॉलेटमधले ५०० रुपये अजून तसेच पडून आहेत. परत मिळत नाहीत म्हणे. दादा म्हणतो, पुढच्या मे महिन्यात ये, संपवू.