मोंबासाच्या किल्ल्यातलं वसईचं जहाज

केनियात मोंबासाला गेलेले लोक फोर्ट जीझसच्या तोफांपाशी फोटो काढतात आणि परततात. आत संग्रहालयात एका बुडालेल्या जहाजातल्या वस्तू मांडल्या आहेत, त्या मात्र मराठी माणसाने चुकवू नयेत. ‘सांतु आंतोनियु द तान्ना’ ही पोर्तुगीज युद्धनौका वसईला बांधलेली. तान्ना म्हणजे आपलं ठाणं!

पोर्तुगीजांचा हा किल्ला १५९३ ते १५९६ दरम्यान उभा राहिला, आराखडा जोव्हान्नी बात्तिस्ता कैराती या इटालियन वास्तुकाराचा. बंदराच्या तोंडाशी प्रवाळ खडकावर चार बुरूज आणि जमिनीच्या बाजूला खंदक. एका बुरुजाच्या पायथ्याशी शत्रू पोचलाच, तर शेजारच्या बुरुजावरून त्याला टिपता यावं अशी मांडणी. मार्च १६९६ मध्ये ओमानी अरबांनी घातलेला वेढा डिसेंबर १६९८ पर्यंत, म्हणजे तब्बल तेहेतीस महिने चालला. तट दाद देईनात, पण आतली शिबंदी रोगराईने संपत गेली. १६९७ मध्ये कुमक घेऊन आलेली ही नौका किल्ल्यासमोरच बुडाली.

पुढे ओमानी अंमल, १८९५ पासून ब्रिटिशांचा तुरुंग, १९५८ मध्ये संरक्षित स्मारकाचा दर्जा, पुरातत्त्वज्ञ जेम्स कर्कमन यांचं किल्ल्यातलं उत्खनन आणि १९६० मध्ये संग्रहालय.

नौकेचं उत्खनन १९७७ ते १९८० मध्ये झालं. वस्तू वर आल्या, सांगाडा मोजमापं घेऊन तळाशीच ठेवला. हा निर्णय शहाणपणाचाच होता. शतकानुशतकं पाण्यात मुरलेल्या लाकडाच्या पेशी आतून पोकळ झालेल्या असतात, पाण्यानेच त्यांचा आकार धरून ठेवलेला असतो. ते तसंच वाळवलं तर आक्रसतं, पिळवटतं, तडकतं. म्हणून आधी गोड्या पाण्यात बुडवून मीठ उतरवायचं, मग पाण्याच्या जागी हळूहळू मेणासारखं पॉलिथिलिन ग्लायकॉल मुरवायचं आणि त्यानंतरच सावकाश सुकवायचं. अख्ख्या जहाजासाठी हे वर्षानुवर्षांचं आणि अफाट खर्चाचं काम. लोखंडी वस्तूंचंही तेच: आत क्षार राहिले, तर वरून धडधाकट दिसणारा तोफगोळा कपाटात बसल्या बसल्या पापुद्रे टाकू लागतो.

तटाचा शत्रूही मीठच. प्रवाळाचा दगड सच्छिद्र, ओल पिणारा. दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून ती ओल बाहेर पडते. हे सांधे सिमेंटने भरले की तिची वाट बंद होते, मिठाचे स्फटिक दगडातच फुगतात आणि सिमेंट शाबूत राहून भोवतीचा दगड झडतो. अशा किल्ल्याची डागडुजी करताना चुना महाग पडतो म्हणून सिमेंट वापरणं, यासारखी खोटी काटकसर नाही.