मग ताई, यात तुमचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. करोनाच्या काळात नागपुरातल्या घराघरांतून आलेले कापडाचे तुकडे जोडून जे मोठं कापड तयार झालं, ते पाहून झालं की हा प्रश्न हमखास येतो: ‘तुकडे लोकांचे, टाके लोकांचे, मग ताई, यात तुमचं काय?’ चित्रकलेचे विद्यार्थी विचारतात, पत्रकार विचारतात, माझ्या सख्ख्या मावशीनेही विचारलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

मी धाग्याचं काम करते. अंबाडीचा वाख, सुती दोर, मागावरचे उरलेले धागे घेऊन, गाठी मारून आणि विणून आकृत्या उभ्या करते. एप्रिल 2020 मध्ये सिव्हिल लाइन्समधल्या एका दालनात माझं प्रदर्शन ठरलं होतं. 25 मार्चला देश बंद झाला आणि ते राहिलंच. पुढे ऑनलाइन प्रदर्शनांची लाट आली, तेव्हा मीही फोटो दिले. पुरुषभर उंचीचं अंबाडीचं काम मोबाइलवर तपकिरी डागासारखं दिसत होतं. वाखाचा वास नाही, वजन नाही, गाठीच्या पोटातली सावली नाही. चित्राचं फोटोत थोडं तरी उरतं, धाग्याचं जवळपास काहीच उरत नाही, हे माझं ठाम मत आहे. मृणालिनी मुखर्जींची दोराच्या गाठींची शिल्पं मी कितीतरी वर्षं छापील फोटोंत पाहत आले होते. 2015 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा प्रत्यक्ष समोर उभी राहिले आणि पाय पुढे टाकवेना. प्रदर्शन सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला आणि त्या गेल्या. ती शिल्पं पडद्यावर दाखवून भागेल, असं मी कुणालाही म्हणणार नाही.

म्हणून त्या उन्हाळ्यात मला हाताला लागेल असं काहीतरी हवं होतं. आमच्या बिल्डिंगीतल्या बायका तेव्हा जुन्या साड्यांचे मास्क शिवत होत्या आणि कातरणांचा ढीग साचत होता. मी व्हॉट्सॲपवर निरोप टाकला: घरातल्या जुन्या कापडाचा वीतभर तुकडा घ्या, त्यावर मनात येईल ते शिवा आणि पिशवीत घालून गेटला अडकवा. माप इंचांत मुद्दामच दिलं नव्हतं. टेप सगळ्यांकडे नसतो, हात असतो. आलेल्या पिशव्या चार दिवस गच्चीवर उन्हात टाकायच्या आणि मगच उघडायच्या, असं ठरलं होतं. वस्तूला हात लावायचीही भीती होती तेव्हा, आणि नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हावर आमचा विश्वास होता.

पहिल्या वर्षीचे तुकडे हसरे होते. कुणी कूलर शिवला होता, कुणी बंद पडलेली पोह्यांची टपरी, कुणी नातवाचं मोबाइलमधलं तोंड. 2021 मध्ये ते बदलले. मार्चच्या 15 ते 21 तारखांना नागपुरात पुन्हा कडक टाळेबंदी झाली. एप्रिलमध्ये तर बेड आणि ऑक्सिजनसाठी धावाधाव करण्यातच माणसं खचली. घाटावर घरच्यांना नीट उभंही राहता आलं नाही. त्यानंतर पिशव्यांमधून गेलेल्यांचे कपडे येऊ लागले.

एका काकूंनी यजमानांच्या शर्टाचा खिसाच कापून पाठवला. खालच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा डाग होता, पेन गळून पडलेला. फोनवर म्हणाल्या, ‘ताई, धुतलं नाही मी. चालते ना?’ त्यांनी खिशाच्या कडेने लाल दोऱ्याचा एकच धावदोरा घातला होता. मध्येच टाके लांब झाले होते, पुढे पुन्हा बारीक. तो तुकडा बसवताना मी तीन बाजू शिवल्या आणि खिशाचं तोंड उघडं ठेवलं. काज होतं, बटण नव्हतं. मी नवं लावलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. माझं काम जोडाचं आहे. प्रत्येकाची वीत वेगळी, त्यामुळे एकही तुकडा दुसऱ्याच्या मापाचा नव्हता. सरळ शिवले असते तर कापडाला सगळीकडे झोळ आला असता. म्हणून मधल्या पट्ट्या कमी-जास्त रुंदीच्या केल्या. त्यासाठी पाचपावलीकडच्या एका विणकराकडून दशी विकत घेतली, मागावर कापड संपल्यावर उरते ती. त्यांचा माग सुतावाचून थांबलेला होता. हे शहर कोष्ट्यांचं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1877 मध्ये इथे सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून इथे हातमाग चालत. आणि नेमक्या अशा वर्षात, 27 जुलै 2020 ला, केंद्राने अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त केलं. विणकरांना बोलायला असलेली एक जागा त्यांच्या सगळ्यात वाईट दिवसांत काढून घेतली, याचा राग मला आजही आहे. त्यामुळे या कापडात लोकांच्या आठवणी आहेत तशी त्या थांबलेल्या मागाची दशीही आहे.

दुसरं काम उसवायचं नाही हे ठरवण्याचं. ‘टाका वाकडा आला, उसवून पुन्हा करून देऊ काय?’ असं कितीतरी जणींनी विचारलं. मी नको म्हटलं. पहिल्यांदाच सुई धरलेल्या एका निवृत्त पोस्टमनचे टाके आणि पन्नास वर्षं गोधड्या शिवलेल्या आजींचे टाके शेजारी शेजारी आहेत. कोण कुठे बसेल हे ठरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. गेलेल्या माणसाचं कापड पायाशी येऊ नये, हे आपल्याकडे कुणी सांगावं लागत नाही. म्हणून खालचा हातभर पट्टा मी कोऱ्या मांजरपाटाचा ठेवला आणि तुकडे त्याच्या वर चढवले.

असं काम करणारी मी पहिली नाही. एड्सने गेलेल्यांसाठी अमेरिकेत जी गोधडी शिवली गेली, ती 11 ऑक्टोबर 1987 ला वॉशिंग्टनमध्ये पहिल्यांदा अंथरली, तेव्हा तिच्यात 1,920 तुकडे होते. प्रत्येक तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण कबरीएवढा, आपापल्या माणसासाठी शिवलेला. असे आठ-आठ तुकडे जोडून बारा फुटी चौकोन केले जातात. तिथेही जोडणारे हात वेगळे आणि शोक करणारे वेगळे. मला त्या जोडणाऱ्या हातांविषयी फार आदर वाटतो.

राज्यातले निर्बंध 1 एप्रिल 2022 ला उठले. त्यानंतर नागपुरातल्या महाल भागातल्या एका शाळेच्या सभागृहात आम्ही हे कापड टांगलं. ‘हात लावू नये’ अशी पाटी लावली नाही. सगळ्यांची नावं बाजूला मोठ्या अक्षरात होती, माझं ‘जोडणी’ या शब्दापुढे. दालनांमध्ये याच्या उलट चालतं. चाळीस बायका शिवतात, भिंतीवर एकाच कलावंताचं नाव लागतं आणि बायकांना ‘समुदाय’ म्हणून एका ओळीत उरकतात. मला ते चुकीचं वाटतं आणि मी ते जाहीरपणे बोलते.

एकांनी ऑफिसच्या लॉबीसाठी हे विकत मागितलं, चांगली रक्कम सांगितली. मी नाही म्हटलं. जोड माझा आहे, खिसा काकूंचा आहे, त्याची किंमत मी कोण लावणार? तुकडा देतानाच प्रत्येकाला सांगितलं होतं की हवा तेव्हा परत मागा. दोन घरांनी मागितला. एकीला लेकीच्या बाळासाठी दुपटं शिवायचं होतं, त्यात आजीच्या लुगड्याचा तो तुकडा हवा होता. मी जोड उसवला, तुकडा दिला आणि तिथे त्याच मापाचं मांजरपाट बसवलं. तुमच्यापैकी कुणी असं कापड करायला घेणार असेल, तर पहिली पिशवी घेण्याआधी ही अट वहीत लिहून ठेवा आणि जोडाचा दोरा सहज उसवेल असाच वापरा.