सुपरसेलच्या आग्नेयेला

सुपरसेल जातीचे, म्हणजे ज्याच्या आत चढती हवा गोल फिरत असते असे, गडगडाटी वादळ डोळे भरून पाहायचे आणि त्याची छायाचित्रे काढायची, तर त्याच्या आग्नेयेला उभे राहावे, हे ओक्लाहोमा आणि टेक्सासच्या मैदानांत वादळांमागे जाणारा माणूस सुरुवातीलाच शिकतो. वसंतातली ही वादळे बहुधा ईशान्येकडे किंवा पूर्वेकडे सरकतात. मुसळधार पाऊस आणि मोठ्या गारा त्यांच्या उत्तरेच्या अंगाला पडतात, आणि टॉर्नेडो उतरतो तो बहुतेक वेळा नैर्ऋत्येच्या टोकाशी, ढगाच्या पाऊस नसलेल्या काळ्या तळाखाली. आग्नेयेला काही मैलांवर थांबले की हा तळ समोर येतो, त्याच्यामागे पश्चिमेच्या आकाशातल्या उजेडाची पट्टी असते, वादळात शिरणारा वारा आपल्या पाठीवर येत असल्याने लेन्स कोरडी राहते, आणि दक्षिणेकडे निघून जायला रस्ता मोकळा असतो. चांगले छायाचित्र मिळण्याची जागा आणि सुखरूप राहण्याची जागा अशी एकच असावी, याचे मला फार समाधान वाटते.

डॅलसच्या परिसरात राहणारे आम्ही चौघे एप्रिल आणि मे महिन्यांतल्या सुट्ट्या याच कामासाठी राखून ठेवतो. दोघे मराठी, एक तेलुगू मित्र आणि ओक्लाहोमातल्या शेतकरी कुटुंबात वाढलेली एक मैत्रीण, असा हा गट आहे. गाडीत प्रत्येकाचे काम ठरलेले असते: एकाने फक्त गाडी चालवायची आणि कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, एकाने रडार पाहायचे, एकाने नकाशावर पुढचे दोन रस्ते कायम तयार ठेवायचे, आणि चौथ्याने छायाचित्रांबरोबर वेळ, ठिकाण आणि कॅमेऱ्याची दिशा वहीत लिहायची. चौघांपैकी कोणीही ‘निघा’ म्हटले की कारण न विचारता निघायचे, हा नियम आम्ही आजवर मोडलेला नाही. या छंदात खरा धोका वादळापेक्षा रस्त्याचा असतो. ओल्या डांबरावरचा वेग, मध्यरात्रीचा परतीचा प्रवास आणि एकाच गावरस्त्यावर जमलेल्या शंभर गाड्या यांनी माणसे अधिक दगावतात. एप्रिल २०२२ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाचे हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी वादळ पाहून परतताना महामार्गावरच्या अपघातात गेले, तेव्हापासून अंधार पडल्यावर जवळच्या गावी मुक्काम करायचा, असे आम्ही ठरवून टाकले आहे.

दिवसाची सुरुवात ओक्लाहोमातल्या नॉर्मन येथील स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर या सरकारी वादळ-अंदाज केंद्राचा अंदाज वाचण्यापासून होते. सकाळी सातच्या सुमारास देशभर हवामानाचे फुगे सोडले जातात आणि त्यांच्या नोंदी आल्या की आमची चर्चा सुरू होते. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा किती आत पोहोचली आहे, नैर्ऋत्येच्या वाळवंटी पठारावरची कोरडी हवा तिला कुठे भिडणार आहे, आणि उंचीगणिक वाऱ्याचा वेग व दिशा किती बदलते आहे, हे तीन प्रश्न महत्त्वाचे. दमट आणि कोरड्या हवेच्या सीमेला इथे ‘ड्रायलाइन’ म्हणतात. ती दुपारपर्यंत पूर्वेकडे सरकते आणि तिच्यावरच बहुधा पहिले ढग उभे राहतात. वाऱ्यातला उंचीगणिक बदल चढत्या हवेला फिरकी देतो, आणि साधे गडगडाटी वादळ व सुपरसेल यांतला फरक या फिरकीत असतो.

यानंतर येते ती प्रतीक्षा. टेक्सासच्या उत्तर टोकावरच्या शॅमरॉकसारख्या गावात पेट्रोल पंपाच्या सावलीत आम्ही तासन्‌तास थांबतो. जमिनीपासून दीड-दोन किलोमीटरवर पठारावरून आलेल्या उबदार हवेचा एक थर पसरलेला असतो, आणि खालची तापलेली दमट हवा वर जाऊ पाहते तेव्हा हा थर तिला दाबून धरतो. त्यालाच ‘कॅप’ म्हणतात. तो अगदीच दुबळा असेल तर सकाळपासून इकडेतिकडे ढग फुटून सगळी शक्ती वाया जाते, आणि फार बळकट असेल तर सूर्यास्तापर्यंत निळ्या आकाशाखेरीज काही दिसत नाही. मधल्या दिवसांत पश्चिमेला कापसाचे बारीक मनोरे चढतात, माथ्याशी विरतात, पुन्हा चढतात. आमची मैत्रीण त्यांच्या कडांकडे पाहत असते. कडा धूसर असतील तर ती गाडीत बसूनच राहते, आणि त्या फुलकोबीसारख्या घट्ट, ठसठशीत दिसू लागल्या की चहाचा पेला टाकून देते. एकदा थर फुटला की अर्ध्या-पाऊण तासात तोच मनोरा पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत जातो आणि त्याचा माथा ऐरणीसारखा पसरून आपल्या डोक्यावर येतो. प्रतीक्षेचे हे तास मला छायाचित्रांइतकेच प्रिय आहेत, कारण आकाश वाचायला मी त्याच तासांत शिकलो.

तळाजवळ पोहोचल्यावर सर्वांत आधी जाणवतो तो वारा. तो वादळाकडून येत नाही, वादळाकडे जातो. रस्त्याकडेच्या गव्हाच्या ओंब्या एकाच दिशेला झुकलेल्या असतात, तारेच्या कुंपणात अडकलेले वाळके गवत सुटून त्याच दिशेने घरंगळत जाते, आणि हवा आश्चर्य वाटावे इतकी उबदार व ओलसर असते. समोर तळाचा एक भाग खाली ओघळलेला असतो, ज्याला ‘वॉल क्लाउड’ म्हणतात. त्याच्या कडेला ढगांच्या चिंध्या जमिनीजवळ तयार होऊन भराभर वर खेचल्या जातात. त्या नुसत्या वर जात आहेत की वर जाता जाता गोल फिरत आहेत, हे पाहण्यासाठी काही काळ कॅमेरा बाजूला ठेवून एका ठिकाणी नजर स्थिर करावी लागते. मग नैर्ऋत्येकडून ढगात एक उजळ फट शिरताना दिसली, म्हणजे मागून उतरणारी हवा फिरकीभोवती वेढा घेऊ लागली, की चालक इंजिन सुरू करतो.

छायाचित्रणाबाबत माझे मत असे, की नवशिके लांबच्या लेन्सवर अकारण पैसे घालतात. सुपरसेलची खरी शोभा त्याच्या संपूर्ण रचनेत असते, आणि ती १४ ते २४ मिलिमीटरच्या रुंद लेन्समध्येच मावते. तळाखाली स्वयंचलित फोकस चाचपडत राहतो, म्हणून दूरच्या एखाद्या दिव्यावर फोकस लावून तो तसाच ठेवावा. रात्रीच्या विजेसाठी ट्रायपॉड, एफ/८ एवढे लेन्सचे छिद्र, कमी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) आणि दहा-पंधरा सेकंद उघडे शटर एवढे पुरते. दिवसा मात्र प्रकाश ओळखून शटर उघडणारे उपकरण लागते. ते उपयोगी पडते याचे कारण असे, की विजेच्या एका लखलखाटात बहुधा एकाच मार्गाने तीन-चार झोत सेकंदाच्या काही शतांश भागांच्या अंतराने येतात, आणि पहिला निसटला तरी पुढचा सापडतो. वादळापासून दहा मैलांवरही वीज पडू शकते, म्हणून विजा जवळ येताच ट्रायपॉड तसाच सोडून आम्ही गाडीत बसतो. अनेक विजा एकावर एक जोडलेले चित्र प्रसिद्ध करायला माझी हरकत नाही, पण तसे त्याखाली स्पष्ट लिहिलेले असावे.

हा आग्रह धरण्याचे कारण असे, की वादळाचे छायाचित्र ही निरीक्षणाची नोंद असते. २४ मे १९७३ रोजी ओक्लाहोमातल्या युनियन सिटीच्या टॉर्नेडोचे संशोधकांनी जन्मापासून शेवटापर्यंत चित्रीकरण केले, त्याच वेळी नॉर्मनचे डॉप्लर रडार, म्हणजे वाऱ्याचा वेगही मोजणारे रडार, ते वादळ पाहत होते, आणि या दोन नोंदी शेजारी ठेवल्यामुळे टॉर्नेडोची रडारवरची खूण ओळखता आली. ३१ मे २०१३ चा एल रेनोचा टॉर्नेडो ४.२ किलोमीटर रुंद झाला आणि त्याने अचानक दिशा व वेग बदलला. संशोधक टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग त्यात मृत्युमुखी पडले. सावधपणाबद्दल ज्यांचे नाव घेतले जाई, तेच समारास. पुढे अँटन सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दिवशी तिथे असलेल्या अनेकांची चित्रीकरणे गोळा केली आणि त्यांत दिसणाऱ्या विजांच्या चमका जुळवून सर्वांची घड्याळे एक केली. जेना हाउझर यांच्याबरोबर ही चित्रे रडारच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर २०१८ मध्ये मांडले गेले, की फिरकी वरून खाली उतरत जाते हा जुना समज या टॉर्नेडोला लागू पडत नाही. ती जमिनीलगत आधी दिसली होती. रडारचा किरण जमिनीच्या इतक्या जवळ सहसा पोहोचत नाही. तिथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसांचे कॅमेरे पोहोचले होते.

म्हणून आम्ही रोज सकाळी कॅमेऱ्यांची घड्याळे जीपीएसच्या वेळेशी जुळवतो, मूळ फाइल कधीही पुसत नाही, आणि गार किंवा फिरकी दिसली की आधी हवामान खात्याला कळवतो, मग छायाचित्रांकडे वळतो. टॉर्नेडो वस्तीत शिरला तर पाठलाग तिथेच थांबतो. कोसळलेल्या घरासमोर उभ्या असलेल्या माणसांची छायाचित्रे आम्ही काढत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना यातली एक गोष्ट लगेच करता येण्याजोगी आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने राज्यभर रब्बीची पिके आणि फळबागा आडव्या केल्या, तेव्हा नातेवाइकांनी मला ओंजळभर गारांचे असंख्य फोटो पाठवले, पण त्यांतल्या बहुतेकांवरून गार किती मोठी, कुठली आणि कधीची हे सांगता येत नव्हते. अमेरिकेत नोंदली गेलेली सर्वांत मोठी गार २३ जुलै २०१० रोजी साउथ डकोटातल्या व्हिव्हियन येथे पडली. तिचा व्यास सुमारे २० सेंटिमीटर आणि वजन सुमारे ८८० ग्रॅम भरले, तेही वीज गेल्यामुळे फ्रीझरमध्ये ती थोडी वितळल्यानंतर. ती आज नोंदीत आहे, कारण एका गावकऱ्याने ती उचलून जपून ठेवली. गारपीट झाली की विजा पूर्ण थांबेपर्यंत घरातच राहावे, मग सर्वांत मोठी गार पट्टीशेजारी ठेवून वरून सरळ फोटो काढावा, पट्टी नसेल तर नाणे ठेवून ते किती रुपयांचे हे लिहावे, आणि गावाचे नाव व गारा पडल्याची वेळ मिनिटासह नोंदवावी.